संबंध नाही, म्हणून

मौलवीसाहेब स्वतःच्या मोहल्ल्यातल्या माणसासाठी पोलीस ठाण्यात कधी तोंड उघडत नसत. शांतता समितीत ते, एक कीर्तनकार महाराज आणि चर्चचे फादर असे तिघे होते. मुसलमान पोराला उचललं की महाराज बोलत, हिंदूला उचललं की मौलवीसाहेब. हा नियम त्यांचाच. म्हणायचे, "आपल्या माणसासाठी कुणीही रडतं. परका बोलला की साहेब मान वर करतो."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ठाण्यातच. आम्ही पेठ तालुक्यातल्या खेड्यातले. भाऊ शहरातल्या अंबड भागात कंपनीत कामाला होता आणि त्याच्या खोलीवर राहून मी कॉलेज करत होते, घरातली पहिलीच. शहरात दगडफेक झाली आणि पोलिसांनी भावाला उचललं. साहेबांपुढे मी भावाचं नाव सांगून रडायलाच लागले. मौलवीसाहेब शांतपणे म्हणाले, "गुन्हा असेल तर कोर्टात उभा करा. मारू नका. बहिणीला भेटू द्या."

"तुमचा काय संबंध?" साहेब खेकसले.

"संबंध नाही, म्हणूनच आलोय."

भाऊ संध्याकाळी घरी आला. तेव्हापासून मी समितीच्या बैठकांना जाऊ लागले. मौलवीसाहेबांना चाचा म्हणू लागले.

मी शेवटच्या वर्षाला असताना पोलिसांनी चाचांच्याच मुलाला नेलं. महाराज कीर्तनाला नांदगावला गेलेले, फादर आजारी. मी ठाण्यात पोचले तर आतून मुलाचं ओरडणं ऐकू येत होतं. चाचा बाकावर रुमालाचं टोक पिळत बसले होते.

"चाचा, तुम्ही बोला ना!"

"मी बाप आहे, बेटी. माझं कोण ऐकणार? तू बोल."

"मला नाही जमणार."

"बघ बाई. तोवर पोरगा मार खातोय."

मी उठले. साहेबांच्या टेबलापुढे गेले. चाचांचीच वाक्यं, त्याच क्रमानं, फक्त बहिणीच्या जागी बाप घालून, पाठ केल्यासारखी म्हटली. साहेबांनी खरंच मान वर केली.

"तू कोण गं त्याची?"

"कुणी नाही. म्हणूनच आलेय."

थोड्या वेळानं आतलं ओरडणं थांबलं. बापलेकांची भेट झाली. बाहेर आल्यावर चाचा डोळे पुसत म्हणाले, "महाराजांपेक्षा बरं बोललीस. त्यांना सांगू नकोस, पुढचं कीर्तन लांबवतील."

मी एम.ए.ला असताना चाचा वारल्याचं कळलं. त्यांच्या घरी मी बायकांमध्ये जाऊन बसले. शेजारी बसलेल्या एका पाहुणीनं हळूच विचारलं, "तुमचा काय संबंध?"

उत्तर मला पाठ होतं. त्या दिवशी ते देता आलं नाही.