गाडी आवंढा गिळते

ती गोष्ट आठवली की आजही माझं डोकं फिरतं. पस्तीस वर्षं खाकीत काढली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ज्या तपासात मी सपशेल तोंडावर आपटलो तो निवृत्तीनंतरचा, मस्कतमधला, लेकीच्या घरचा. संशयित म्हणजे एक मोटारगाडी. माणसं घरचीच आहेत, म्हणून नावं घेत नाही.

लेक तिथल्या रुवी भागात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. तिकडे लायसन्स मिळणं म्हणजे दिव्य असतं. चौथ्या टेस्टला पास झाली तेव्हा तिनं इमारतभर पेढे वाटले होते. सकाळी दवाखाना, दुपारी नातीला शाळेतून आणणं, सगळं गाडीवर अवलंबून. मी गेलो त्याच आठवड्यात खबर लागली. खाली राहणारे वसईचे एक गृहस्थ मला लिफ्टपाशी बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, काल राऊंडअबाऊटवर तुमची मुलगी पाण्याच्या टँकरखालून थोडक्यात वाचली. गाडी निघाली आणि मध्येच अडली. मागे छोटी बसली होती हो!"

घरात येऊन थेट चौकशी सुरू केली. जावई अगदी ठाम. "बाबा, गाडीला काही झालेलं नाही. शुक्रवारीच निझव्याला जाऊन आलो, हायवेला सुसाट पळते. ही घाबरते आणि रेस देत नाही."

"मी पाय दिला होता बाबा, पण गाडी..." लेक सांगायला लागली.

"तू जरा थांब गं, मला नीट समजून घेऊ दे," हे कोण म्हणालं असेल? मी. तपासी अंमलदार!

जावयानं निकाल देऊन टाकला: उद्यापासून गाडी चालवायची नाही. म्हणजे नोकरीही सोडायची, कारण त्या उन्हात रोज दोन वेळा टॅक्सी शोधत कोण फिरणार? तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि आत गेली. मला राहवेना. म्हटलं, गाडीचाच काय तो सोक्षमोक्ष लावू.

गॅरेजला मीच फोन लावला. माझ्या पोलिसी हिंदीत ठणकावून सांगितलं, "गाडी में पिकअप नहीं है. पिकअप चाहिए." पलीकडून "ओके सर." अर्ध्या तासात इमारतीखाली मागे हौदा असलेली मालगाडी हजर! ओमानात पिकअप म्हणतात ते तिला. ड्रायव्हर वर बघून ओरडतोय, "सामान किधर है? यल्ला, जल्दी!" आता काय सांगू त्याला, कपाळ माझं?

मग गाडी घेऊन जावई आणि मी गॅरेजात गेलो. मेस्त्री केरळचा, शांत माणूस. जावयानं सांगितलं, पिकअप नाही, म्हणजे ताकद कमी पडते. मेस्त्रीनं प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, कॉम्प्युटर जोडून पाहिला. सकाळी आठ वाजता गार गाडी घेऊन एक चक्कर मारायचा आणि सांगायचा, "नो प्रॉब्लेम सर, खलास." असं तीनदा झालं. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला. ठाण्यात संशयितावर ओरडायचो तसा ओरडलो, "काम आता है क्या तुम को? या टाइमपास करता है?"

त्यानं पाना खाली ठेवला. आवाज न चढवता म्हणाला, "सर, आप को तकलीफ नहीं. ये सर को भी तकलीफ नहीं. जिस को तकलीफ है, वो किधर है?"

जावयानं खिशातून फोन काढला.

लेकीला बोलावलं. दुपारी दोनला, डोक्यावर ऊन आग ओकत असताना ती आली. मेस्त्रीनं तिला खुर्ची दिली आणि विचारलं. ती भराभर बोलायला लागली. सकाळी होत नाही, हायवेला होत नाही. दुपारी, गाडी तापलेली आणि एसी चालू असताना, थांबून निघालं की होतं. "पैर देती हूँ तो..." तिथं ती अडली आणि माझ्याकडे वळली. "बाबा, आवंढा गिळते, हे हिंदीत कसं सांगू? पाय दिला की आधी आवंढा गिळते आणि मग निघते."

"निगलती है," मी म्हणालो.

मेस्त्री ताडकन उठला. "निगलती है? मॅडम, वो तो हवा निगलती होगी! ये पहले कोई क्यों नहीं बोला?"

लगेच घटनास्थळी गेलो. लेक चालवायला, मेस्त्री शेजारी, मी मागे. त्याच राऊंडअबाऊटवर तिनं पाय दिला आणि गाडी खरंच क्षणभर अडली. मी पुढच्या सीटवर आदळलो. परत येऊन मेस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि लेकीला ब्रेक दाबून रेस द्यायला सांगितलं. इंजिनाला हिसका बसला, तशी फिल्टरकडून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी नळीच्या खालच्या घडीत बोटभर चीर उघडली. वरून ती दिसतच नव्हती, आणि गार गाडीत मिटलेली राहायची. तापून रबर मऊ पडलं की तिथून हवा आत घुसायची आणि पेट्रोलचं प्रमाण चुकायचं. नळी बदलायला वीस मिनिटं लागली.

संध्याकाळी जावई मान खाली घालून तिला सॉरी म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गाडी चालवत नातीला शाळेतून घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि न रागावता म्हणाली, "बाबा, पहिल्याच दिवशी मला का नाही विचारलंत?"

जिच्यावर प्रसंग गुदरला तिच्याच तोंडून जबाब घ्यायचा, हे मी कित्येक नवख्या फौजदारांना दटावून शिकवलं होतं. पण खरं सांगायचं तर ठाण्यात बाई बाकावर बसायची आणि टेबलापुढे तिचा नवरा नाहीतर भाऊ. तो सांगायचा, आम्ही लिहायचो. शेवटी ठरलेली ओळ: जबाब वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली बाईची सही. त्यातल्या एखादीनं तोंड उघडलंच असेल, आणि मी म्हणालो असेन, "तुम्ही जरा थांबा बाई." माझ्या मुलीचं म्हणणं निदान एका मेस्त्रीनं तरी ऐकून घेतलं. त्या बायकांचं पुढे कुणी ऐकलं का, ते मला माहीत नाही.