उभ्याने न वाजणारा ट्रंपेट

आमच्या घरात तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मला एक हुकूम सुटायचा, "चिंच भिजत घाल." ती चिंच आमटीसाठी नसायची. ओटीवरच्या खुंटीला टांगलेला ट्रंपेट खाली उतरायचा, आमचे हे मांडी घालून बसायचे आणि चिंचेच्या कोळाने नि चुलीतल्या राखेने त्याला असे प्रेमाने घासायचे, की मला त्या पितळेचा हेवा वाटायचा. तुळशीचं लग्न झालं म्हणजे माणसांच्या लग्नाचा मोसम उघडला, आणि मोसम उघडला म्हणजे कोणीतरी सुपारी घेऊन दारात येणार. बाजा ठरवायचा तर बाजेवाल्याच्या हातावर सुपारी ठेवायची, ही आमच्याकडची रीत. एकदा ती हातात पडली की पोटात दुखो की घरी पाहुणे येवोत, वाजवायला जायचंच.

हे म्हणजे शहापूर-मुरबाड रस्त्याच्या गावांत गाजलेल्या एका बाजातले ट्रंपेटवाले. आटगावापासून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत यांनी न वाजवलेली वरात शोधून काढावी लागेल. मग बेंजो आला, बेंजोच्या पाठोपाठ डीजे आला आणि बाजा फुटला. क्लॅरिनेटवाला भाड्याची इको गाडी चालवू लागला, ढोलवाला पास काढून कल्याणला कामाला जाऊ लागला. हे तेवढे राहिले, शेती करत आणि दरवर्षी ट्रंपेट घासत. सुपारी काही येत नव्हती. मोसमभर ट्रंपेट खुंटीला आणि त्याच्याखाली हे, दोघेही रस्त्याकडे तोंड करून.

गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि हुकूम सुटलाच नाही. वाट बघून मीच विचारलं, चिंच घालू का. हे बैलाच्या दाव्याला गाठ मारत होते. वरही न बघता म्हणाले, "राहू दे. भांडीवाली आली का देऊन टाक तिला. पातेला घे येखादा."

यांच्या वाजवण्याला मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत. भोंगा म्हटलंय, शेजारच्या म्हशी आटतील म्हटलंय. पण हा भोंगा बंद होईल असं कधी मनात आलं नव्हतं. ट्रंपेट गेला की त्याच्यामागून हा माणूसही थोडाथोडा जाणार, हे मला पक्कं दिसत होतं. म्हणून भांडीवालीची हाळी वेशीपाशी ऐकू आल्याबरोबर मी तो खुंटीवरून काढला आणि भाताच्या कणगीत कोपरभर खोल खुपसला. यांनी रिकामी खुंटी बघून विचारलं तेव्हा म्हटलं, उंदरांनी नेला असेल. उंदराला सूर तरी लागतो का, एवढंच विचारून हे शेतावर निघून गेले.

अशात आमची लेक आली. ती ठाण्याला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी नसते उद्योग करते. तिचा नवा उद्योग होता स्टीमपंक. मी म्हटलं, हे खायचं असतं की नेसायचं? तिने समजावून सांगितलं, की समज आई, मोटारी आणि मोबाइल आलेच नसते, सगळं जग वाफेच्या इंजिनावरच पुढे गेलं असतं, तर माणसं कशी सजली असती, कसली गाणी वाजवली असती, कसली यंत्रं बनवली असती, तसं करून बघायचा हा खेळ. म्हटलं, आपल्याकडे पंप बिघडला की विहिरीवर आपण तो खेळ खेळतोच. त्यावर ती रुसली आणि मला ठाण्यातल्या असल्या हौशी लोकांच्या मेळाव्याला घेऊन गेली.

काय सांगू तिथली तऱ्हा. भर उकाड्यात माणसं जाडजूड कोट घालून फिरत होती. डोक्यावर उभट काळ्या टोप्या आणि टोप्यांवर घड्याळातली दातेरी चाकं चिकटवलेली. शिलाई मशीनच्या पायाचा दिवा, स्टोव्हच्या टाकीचं उडतं जहाज, आणि हे सगळं भिंतीला टेकवून, खाली हात लावू नका अशी पाटी. आमच्या माळ्यावर असलं सामान पडलं होतं ते मी दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याला दिलं, तेव्हा त्याच्यावर पाटी लावायचं सुचलं नाही. एक पोरगी अकॉर्डियन वाजवत होती, एक जण पेटीला सायकलचा पंप जोडून हवा भरत होता. सगळ्यांच्या डोळ्यांवर वेल्डरसारखे पितळी काठाचे काळे चष्मे. मी जवळच्या एका उंच मुलाला मायेने विचारलं, "बाळा, डोळे आलेत का तुझे?" आणि इतक्या गर्दीत येऊ नये, दुसऱ्यांनाही येतात, हेही सांगून ठेवलं. लेकीने मला चहाच्या टेबलाकडे ओढत नेलं.

पण परतताना मी एक गोष्ट डोक्यात घेऊन आले. हे लोक जे कोट हौसेने शिवून घेत होते, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणांच्या दोन ओळी, तसला लाल कोट आमच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर पडून होता. लेकीलाही तेच सुचलं. त्यांचा पुढचा मेळावा वाशिंदला ठरला होता, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये, कारण तिथे खरीखुरी जुनी यंत्रं होती. तिने बाबाला वाजवायला ये म्हणून गळ घातली. हे म्हणाले, सुपारी कुठाय? तिने लगेच डब्यातली सुपारी आणून पुढे धरली. हे हसले, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, लेकीच्या सुपारीवर बाप वाजवत नसतो. कोट घालून येतो, बघून जातो.

मेळाव्याच्या सकाळी मी दोन कामं गुपचूप केली. त्यातलं एक म्हणजे कणगीत हात घालून ट्रंपेट काढला, भात झटकला आणि पंच्यात गुंडाळून पिशवीत टाकला. दुसरं पुढे सांगते.

वाशिंदच्या शेडमध्ये हे शिरले आणि सगळे टोपीवाले यांच्याभोवती जमा झाले. कोणी झालर चाचपून बघतंय, कोणी विचारतंय हा कोट कुठे मिळाला. हे सांगत होते, मिळाला नाही, वाजवून कमावलाय. मग ते विचारू लागले, काय वाजवायचात, वाजवून दाखवा ना. यांनी रिकामे हात दाखवले. तेव्हा मी पिशवी पुढे केली. यांनी पंचा सोडला, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"उंदरानं परत केला वाटतं," म्हणाले, आणि स्टेजवर चढले.

पहिली फुंक मारली तर पुंगळीतून भाताचे दाणे उडाले आणि पहिल्या रांगेवर पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असंच असतं. दुसऱ्या फुंकेला सूर निघाला तो चिरका, मधेच मोडलेला. तिसरा त्याहून वाईट. यांचा चेहरा कोटासारखा लाल झाला. माईकसमोर, दिव्याखाली, फळीवर खिळल्यासारखे उभे होते. लेकीने माझा हात दाबून धरला. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस खाली उतरून ट्रंपेट स्वतःच्या हाताने भांडीवालीला देणार. आणि मग माझ्या लक्षात आलं, की लग्नापासून आजपर्यंत मी यांना एका जागी उभं राहून वाजवताना पाहिलेलंच नाही. वरातीचा बाजा चालत वाजतो. पाऊल पडलं की श्वास सुटतो. घरीसुद्धा हे अंगणात फेऱ्या मारत वाजवायचे, म्हणून तर माझ्या सारवलेल्या अंगणाची दरवर्षी वाट लागायची.

मी खालून म्हटलं, "आवो, उभं काय राहिलाव? चला."

हे चालले. फळीवर दोन पावलं टाकली, फळी संपली, तसे पायऱ्या उतरून खाली आले, आणि जमिनीला पाय लागल्याबरोबर सूर असा सरळ उठला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. हे थांबेनात. माणसांमधून वाट काढत शेडच्या दारातून बाहेर, तिथून रस्त्यावर. टोपीवाल्यांना वाटलं, कार्यक्रमच असा आहे. तेही निघाले. अकॉर्डियनवाली पोरगी यांच्या डाव्या हाताला आली, पेटीवाल्याने पेटी गळ्यात अडकवली आणि पंप दुसऱ्याच्या हाती दिला, कोणी पत्र्याचा डबा बडवू लागलं. मी पदर खोचला आणि मागे चालू लागले.

रस्त्यापलीकडे एक पाडा आहे. बाजा ऐकून तिथली दारं उघडली. ट्रंपेट, लाल कोट आणि मागे नटलेली माणसं, वरातच ती. बायका तांबे घेऊन बाहेर आल्या, एकीने आरतीचं ताट आणलं आणि सगळ्या विचारू लागल्या, नवरा कुठंय? नवरा तर हवाच होता. त्यांनी आपल्या मनाने सगळ्यांत उंच टोपीचा मुलगा निवडला; मी डोळे आलेत का विचारलं होतं, नेमका तोच. त्याच्या बुटांवर पाणी घातलं, त्याला ओवाळलं, भाकरतुकडा उतरून टाकला. तो बिचारा लेकीला विचारत होता, मी काय करू? ती म्हणाली, गप उभा राहा आणि लाज. तो इतका छान लाजला की एका म्हातारीने त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

वरात मारुतीच्या देवळापाशी संपते, हे काही यांना सांगावं लागत नाही. पाड्याच्या टोकाला देऊळ दिसलं तसे हे तिकडे वळले, पायरीशी थांबले, शेवटची लांब फुंक मारली आणि ट्रंपेट खाली केला. तेव्हा कुठे पाड्याला कळलं की नवरी नाही, मांडव नाही, लग्नच नाही. एकच हशा उठला. हेही हसत होते, धापा टाकत, घामाने चिंब.

ती गाल कुरवाळणारी म्हातारी मात्र हसली नाही. यांच्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "माज्या मोठ्याच्या लग्नाला डीजे व्हता. पोरगा घोड्यावर कदी चढला नि कदी उतरला, मला कळलाच नाय. धाकल्याच्या लग्नाला बाजाच पायजे."

यांनी मान हलवली. "बाजा फुटलाय, मावशी. मी येकटाच हाय."

म्हातारीने मागे बघितलं. टोप्या, काळे चष्मे, अकॉर्डियन, पंप, पत्र्याचा डबा. "मंग ही यवढी मानसं कोन?"

यांनीही वळून बघितलं, चांगलं निरखून. म्हातारीने कमरेची चंची सोडली, सुपारी काढली आणि पुढे केली. यांनी ट्रंपेट काखेत धरला आणि ती दोन्ही हातांनी घेतली. मी दुसरीकडे तोंड फिरवलं, कारण मला रडू येत होतं आणि तिथे रडायला काही लग्न नव्हतं.

आता ते ठाण्याचे लोक रविवारी आमच्या अंगणात चालत वाजवायला शिकतात. वाजवणं त्यांना येतं, चालणंही येतं, दोन्ही एकदम केलं की एकमेकांवर आपटतात. हे त्यांना ओरडतात, मी चहा देते आणि अंगण पुन्हा सारवायचं सोडून दिलंय. काळे चष्मे लग्नात घालायचे की नाही यावरून अजून वाद चालू आहे. म्हातारीचं म्हणणं, घालू दे, पाड्यात असला बाजा कोणाकडेच आला नसेल.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. वाशिंदहून घरी आलो. यांनी सुपारी देवासमोर ठेवली, कोट उतरवला आणि ट्रंपेट मांडीवर घेऊन ओटीवर बसले. कणगीत राहून तो पार काळवंडला होता. बराच वेळ त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "चिंच हाय का गो घरात?"

मी आतून वाडगा आणून त्यांच्यापुढे ठेवला. चिंच मी सकाळीच भिजत घालून गेले होते.