पट्टीबाईंनी न केलेली सही

बांधकाम कचेरीत पट्टीबाई सव्वीस वर्षं नकाशे उतरवत होत्या. हातात सदा स्टीलची पट्टी, म्हणून हे नाव. इंजिनिअर यायचे, बढती घेऊन जायचे. बाई मात्र त्याच टेबलाशी. म्हणून प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणातून एका इंजिनिअरने अंग काढून घेतलं, तेव्हा बाई तडक साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"त्या जागेवर मला पाठवा."

"बाई, तिथे सगळी तिशीतली पोरं. तुम्हाला झेपेल?"

"त्या पोरांच्या चुका इतकी वर्षं मीच निस्तरतेय ना?"

जागा वाया जाण्यापेक्षा बरं, म्हणून साहेबांनी मान डोलावली. घरी नवरा म्हणाला, "अगं, घराचा कारभार तू तीस वर्षं हाकतेयस. त्यांनीच तुझ्याकडे शिकायला यावं." पण सहा आठवडे सकाळचा स्वयंपाक त्याने अंगावर घेतला आणि इमानेइतबारे रोज भाजी करपवली.

वर्गातलं निम्मं बाईंना आधीच येत होतं. त्याला काही नाव असतं, एवढंच ठाऊक नव्हतं. नवी होती ती एकच गोष्ट: निर्णय कोणी घेतला, कशाच्या आधारावर, ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

"आमच्याकडे सगळं 'वरून आलंय' असतं," त्या शिकवणाऱ्या मॅडमना म्हणाल्या. "वर नेमकं कोण राहतं, ते एकदा कळू दे."

परतल्यावर रुग्णालयातल्या लहान मुलांच्या नव्या वॉर्डाच्या बांधकाम समितीचं चिटणीसपद त्यांच्या गळ्यात पडलं. दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं. उद्घाटनाची तारीख ठरली, निमंत्रणं गेली, आणि ऑक्सिजनच्या नळ्यांची दाबचाचणी मात्र राहिलेलीच होती.

"चाचणी झाली असं लिहा आणि सही करा," साहेब म्हणाले. "नंतर करून घेऊ."

बाईंनी समितीच्या वहीत लिहिलं, आणि भर बैठकीत वाचून दाखवलं: "चाचणी झालेली नाही. झाली असं लिहायला साहेबांनी सांगितलं. चिटणिसांनी नकार दिला."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "खोडा ते!"

"मी नाही खोडणार. तुम्ही खोडा, आणि बाजूला सही करा."

बाईंनी वही आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. सात माणसं बसली होती. एकानेही पेनाला हात लावला नाही.

उद्घाटन अकरा दिवस पुढे गेलं. चाचणीत तीन सांधे गळके निघाले. शाब्बास कुणी म्हटलं नाही; उलट बाईंना समितीतून काढलं आणि प्रशिक्षणाच्या अंतिम परीक्षेला बसायला लागणारी शिफारस साहेबांनी अडवून धरली.

"आता तरी गप्प बस," बहिणीने समजावलं.

"गप्प बसायला सव्वीस वर्षं मिळाली होती. खूप झाली."

पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःची रजा टाकून बाहेरून परीक्षा दिली. पहिल्या खेपेस नापास झाल्या, कचेरीत हशा पिकला. दुसऱ्या खेपेस पास झाल्या. मग शस्त्रक्रिया विभागाच्या इमारतीची समिती नेमायची वेळ आली, तेव्हा बाईंनी कुणाला न विचारताच अर्ज केला. शेवटी एकच ओळ होती: "मला घेणार नसाल, तर कारण लेखी द्या."

कारण लेखी द्यायला कुणी धजेना. बाईंना घ्यावंच लागलं.