कुलूप न लावलेल्या सायकली

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा लोकांच्या बोलण्यावरचा विश्वास लवकर उडतो. फोन येतो, "लिफ्ट आपोआप बंद पडली हो, कुणी हातसुद्धा लावला नाही." मिस्त्री जिन्याने सहा मजले चढतात, गुडघ्यांवर बसून दाराच्या खोबणीत बॅटरी मारतात, तर आत कुणाची तरी चप्पल. एकदा अख्खा बटाटा निघाला, आणि त्या सबंध इमारतीत त्या आठवड्यात कुणी बटाटे आणलेच नव्हते म्हणे. बारा वर्षं असल्या बटाट्यांत काढल्यावर मिस्त्रींनी ठरवूनच टाकलं होतं, की कुणाला काही विचारायचं नाही, आपण जाऊन बघायचं.

तर या मिस्त्रींची बदली झाली. कंपनीने नव्या गावात शाखा काढली आणि पत्र दिलं, महिन्याभरात हजर व्हा. बायको, सहा वर्षांची थोरली, तीन वर्षांचा धाकटा, असा संसार उचलायचा होता. बदल्या त्यांना नव्या नव्हत्या, ही चौथी. पण या खेपेला मिस्त्रींच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. आधीच्या गावी ते चौथ्या मजल्यावर राहायचे. आजूबाजूला सगळी नोकरीवाली माणसं, सकाळी दारं लागली की संध्याकाळीच उघडायची. थोरली दिवसभर खिडकीत. शाळेतल्या बाईंनी एक दिवस मिस्त्रींना थांबवून विचारलं, "घरी ही कुणाशी बोलते का हो? वर्गात तोंड उघडत नाही." मिस्त्री म्हणाले, "बोलते की." आणि गाडीपर्यंत चालत जाताना त्यांच्या लक्षात आलं, की ती बोलते ते धाकट्याशी, आणि धाकट्याला अजून धड वाक्य येत नाही.

त्या दिवशी त्यांनी ठरवलं. नव्या गावात घर लहान असलं तरी चालेल, कामापासून लांब असलं तरी चालेल, पण दारात पोरं हवीत.

घर शोधायची त्यांची रीतही मिस्त्रींनाच शोभेल अशी होती. ते दलालाला विचारायचे नाहीत, शेजाऱ्यांना विचारायचे नाहीत. रविवारी संध्याकाळी वसाहतीत जायचं, एखादा बाक धरून तासभर बसायचं आणि मोजायचं. किती पोरं मोठ्या माणसाशिवाय बाहेर येतात, हे एक. आणि खरी खूण म्हणजे सायकली. पोरं सायकल कुलूप लावून भिंतीला टेकवून ठेवतात, की वाटेल तिथे आडवी टाकून पळतात? आडवी टाकत असतील तर समजायचं, इथे पोरांना भीती नाही, आणि इथे पोरांचंच राज्य आहे.

ही रीत त्यांनी जगात एकाच माणसाला सांगितली होती. रात्री जेवताना, बायकोला. ती हसून म्हणाली होती, "लग्नाआधी आमच्या दारात किती सायकली मोजल्या होत्यात?"

"एक. तुझ्या बापाची. कुलूप होतं," मिस्त्री म्हणाले.

नव्या गावात ओळखीचं एकच घर होतं, ते साडूचं. बायकोची थोरली बहीण आणि तिचे यजमान, खेळाचे मास्तर. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत ते पोरांना पळायला लावायचे, आणि स्वतः मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीवरून जायचे. त्यांच्या वसाहतीत एक घर रिकामं झालं होतं. बैठी घरं, पुढे अंगण, मधोमध मैदान. मास्तरांचा फोनवर फोन. "साडूभाऊ, पोरांसाठी असली जागा दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही."

"बघू," मिस्त्री म्हणाले. "आधी तिथल्या कारखान्याजवळची वस्ती बघतो."

कारखान्याजवळच्या वस्तीत ते पहिल्या रविवारी गेले. घरं जुनी, भिंतीला भिंत लागलेली, वरून ट्रकांचा आवाज. पण पोरं एकवीस आणि आडव्या सायकली सात. दोन पोरी तर भांडता भांडता मिस्त्रींच्याच बाकावर येऊन बसल्या आणि त्यांना पंच करून टाकलं. मिस्त्री खूश. बायकोला मात्र जागा पटली नाही. "धूर किती आहे तिथे. घाई करू नका. ताईकडचीही बघा की, मग ठरवा."

पुढच्या रविवारी ते थोरलीला घेऊन ताईकडे गेले. चहा घेतला आणि मैदानात जाऊन बसले. अर्ध्या तासात त्यांनी हाताची बोटं सोडली आणि खिशातली वही काढली. सव्वीस पोरं. मोठं माणूस एकही नाही. सायकली अकरा, सगळ्या आडव्या, एकीलाही कुलूप नाही. त्यातली एक तर बरोबर फाटकाच्या मधोमध टाकलेली. पुढचा एक दात पडलेली उंच मुलगी सगळ्यांवर ओरडत होती. थोरली आधी बापाच्या गुडघ्याला चिकटून होती. मग त्या उंच मुलीने लांबूनच हाक मारली, "ए, चेंडू दे ना," आणि थोरलीने चेंडू दिला, आणि परत आलीच नाही.

शेजारच्या बाकावर एक निवृत्त आजोबा बसले होते. ते कौतुकाने म्हणाले, "आज बरीच गर्दी आहे बुवा."

"हो, फारच छान आहे," मिस्त्री म्हणाले. दुसरा एखादा असता तर त्याने 'आज' हा शब्द धरला असता. पण मिस्त्री विचारणाऱ्यांतले नव्हते, बघणाऱ्यांतले होते, आणि दिसत होतं ते सगळं सोन्यासारखं होतं. त्याच संध्याकाळी दोन वर्षांच्या करारावर त्यांनी सही केली. परतताना थोरली गाडीवर अखंड बोलत होती.

राहायला आले. पहिल्या सोमवारी मैदान रिकामं होतं. मिस्त्री म्हणाले, सोमवार आहे, अभ्यास असेल. बुधवारी म्हणाले, परीक्षा दिसतेय. रविवार आला. मैदानात मास्तरांचा एकुलता मुलगा भिंतीवर चेंडू मारत होता, धप्प, धप्प, आणि तोच परत झेलत होता. थोरलीने बूट घातले, फाटकात जाऊन उभी राहिली, आणि अंधार पडल्यावर बूट काढले.

"सुट्टीला गेली असतील पोरं," बायको म्हणाली. कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने मान वर केली नाही.

तिसऱ्या आठवड्यात थोरली पुन्हा खिडकीत बसू लागली.

त्याच आठवड्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मिस्त्री गेले, दार फाकवलं, आत अडकलेल्या बाईंना आणि त्यांच्या भाजीच्या पिशवीला बाहेर काढलं आणि हत्यारं आवरायला बसले. बघायला जिन्यात पोरांचा घोळका जमलाच होता. त्यातली एक उंच मुलगी पुढे आली. पुढचा दात आता अर्धा उगवला होता.

"काका, तुम्ही ते बाकावर बसून मोजत होता ना?"

मिस्त्रींचा पाना हातातच राहिला. "तू इथे राहतेस?"

"हो, तिसऱ्या मजल्यावर."

"मग तिकडे खेळायला कशी येतेस? केवढं लांब."

"एकदाच आलो होतो. आमच्या खेळाच्या सरांनी नेलं होतं, दोन्ही संघ. सराव आहे म्हणाले." तिच्या मागून एक जण बोलला, "सराव कसला, नुसतं खेळा म्हणाले. बिस्किटं दिली."

"आणि सायकलींना कुलूप लावू दिलं नाही," उंच मुलगी म्हणाली. "आडव्या टाका म्हणाले. माझी फाटकात टाकायला लावली, तर पेडल वाकलं. आई ओरडली मला."

मिस्त्री हसले. खरंच हसले, कारण पोरांपुढे दुसरं काय करणार. गाडीच्या डिकीतून हत्यार काढून त्यांनी खाली उभ्या असलेल्या त्या सायकलचं पेडल सरळ करून दिलं. पेडल सरळ होता होता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मास्तरांनी पोरं आणली, ते एक वेळ कळण्यासारखं होतं. पोरं आणावीत हे कुणालाही सुचलं असतं. पण आडव्या सायकलींचं मास्तरांना कुणी सांगितलं?

घरी न जाता ते आधी मास्तरांकडे गेले. मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"या साडूभाऊ, चहा टाकायला सांगू?"

"चहा नको. दात पडलेली भेटली होती."

मास्तरांनी पायातली चप्पल उगीचच काढून पुन्हा घातली. "हुशार मुलगी आहे. आघाडीला खेळते."

"वसाहतीत पोरं किती आहेत, मास्तर?"

"आमचा एक. तुमची दोन. आणि सतरा नंबरमध्ये एक तान्हं आहे."

"म्हणजे आम्ही यायच्या आधी तुमचा एक आणि ते तान्हं."

"अहो, सगळी घरं म्हाताऱ्यांची झाली. पोरं मोठी होऊन निघून गेली." मास्तरांचा आवाज खाली आला. "दोन वर्षं तो भिंतीशी खेळतोय, मिस्त्री. मी गावातल्या तीनशे पोरांना खेळवतो आणि माझा एकटा. तुम्ही बाप आहात, सांगा, मी काय करायचं?"

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर आला असतात?"

मास्तरांवर मिस्त्रींना हवा तेवढा राग येईना, हीच पंचाईत होती. बाप बापाला ओळखतो. त्यांनी एवढंच विचारलं, "सायकलींचं कुणी सांगितलं?"

मास्तर घराच्या दाराकडे बघत बसले. दारात ताई उभी होती. ती आत निघून गेली.

घरी बायको पोळ्या लाटत होती. मिस्त्री ओट्याला टेकून उभे राहिले.

"तू सांगितलंस."

तिने लाटणं थांबवलं नाही. "ताईने विचारलं, तुम्ही घर घेताना काय बघता म्हणून. मी बोलून गेले."

"बोलून गेलीस. आणि त्या संध्याकाळी मी वहीत मोजत होतो तेव्हा? तेव्हा तुला माहीत होतं?"

लाटणं थांबलं. "होतं."

"आणि त्या रविवारी, सुट्टीला गेली असतील म्हणालीस तेव्हा?"

"चौथं गाव आहे हे," ती म्हणाली. "प्रत्येक गावात तुम्ही जागा बघितलीत. पाणी बघितलंत, शाळा बघितली, आता पोरं बघितलीत. मी दिवसभर कुणाशी बोलते, ते कधी बघितलंत? थोरली खिडकीत बसायची ती तुम्हाला बाईंनी सांगितल्यावर दिसली. तिच्या मागे मी बसायचे. इथे निदान ताई आहे."

"हे तू बोलली असतीस तर आपण इथेच आलो असतो. एकही सायकल नसती तरी."

"आता म्हणताय."

"आता म्हणतोय कारण आता कळलं. तुझ्या तोंडून नाही, एका परक्या पोरीच्या तोंडून."

तव्यावरची पोळी करपली. तिने ती उचलून बाजूला ठेवली आणि दुसरी लाटायला घेतली. मिस्त्रींना वाटलं, ती आता रडेल आणि आपण विरघळू. ती रडली नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना ते झटकून टाकता येईना. जगातल्या सगळ्या खोबण्यांत बॅटरी मारून बघणाऱ्या माणसाने एकच जागा न बघता खरी मानली होती, ती या घरातली.

रात्री जेवताना धाकट्याने विचारलं, "पोळी काळी का?" आईने ती आपल्या ताटात ओढून घेतली.

करार दोन वर्षांचा होता, शाळेत नावं घातलेली होती, ते काही सुटण्यासारखं नव्हतं. मास्तरांनी आपण होऊन निरोप धाडला, की दर रविवारी एक संघ इकडे आणतो. मिस्त्री म्हणाले, आणा. पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो. उरलेल्या सहा संध्याकाळींचं काय करायचं, ते त्यांनी कुणाला न विचारता ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून लवकर सुटून ते साडेपाचला दारात आले. थोरली आणि धाकटा तयारच होते. कारखान्याजवळच्या त्या वस्तीत पंधरा मिनिटांत पोचता येत होतं. तासभर पोरांना तिथे सोडायचं, आपण पायरीवर बसायचं, दिवे लागले की परत आणायचं. भांडखोर पोरींनी त्यांना ओळखलं तर पुन्हा पंच व्हावं लागेल, एवढाच धोका.

बायको ओला हात पदराला पुसत फाटकाशी आली. तिने ताईकडे जायची साडी नेसली नव्हती, बाहेर जायची नेसली होती.

"मी पण येऊ?"

मिस्त्रींनी धाकट्याला पुढे उभं केलं. "गाडीवर जागा नाही."

चौथ्या गावापर्यंत ती चौघं याच गाडीवर बसून आली होती, एका सुटकेससकट. मागे बसलेली थोरली काही न बोलता बापाच्या पाठीला चिकटून पुढे सरकली आणि तिने मागची अर्धी सीट मोकळी केली. आईकडे बघून तिने त्या जागेवर हात थोपटला.

मिस्त्रींना ते आरशात दिसलं.

"नीट बस," ते थोरलीला म्हणाले, आणि मागची सीट तशीच रिकामी ठेवून त्यांनी गाडी चालू केली.