वैशालीचा फोटो धुताना

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. आजही नाही. अख्खी हयात डार्करूममध्ये गेली, अंधारात काही दिसायचं असतं तर मला सगळ्यात आधी दिसलं असतं. तेव्हा 'मनाचे खेळ' म्हणायच्या आधी नीट वाचा.

संभाजीनगर तेव्हा औरंगाबादच होतं. आमचं घर गारखेड्यात, मागच्या मोरीला काळा पडदा लावून डार्करूम केलेली. दुष्काळाची वर्षं. चहूकडं नव्या कॉलन्या उठत होत्या आणि नळ आठवडा आठवडा कोरडे...

आमची मुलगी वैशाली लहानपणीच काविळीनं गेली. तिचा एकच फोटो, अंगणात खुर्चीवर बसलेली. निगेटिव्ह उंदरांनी कुरतडली होती. उरला हा जाड फायबर पेपरवरचा प्रिंट. असा कागद रसायन पिऊन बसतो, वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो. तेवढं पाणी कुठलं? प्रिंट केला तेव्हा नुसता बादलीत बुचकळून काढला होता, म्हणून तो कडेनं पिवळा पडायला लागला. वाचवायचा तर पुन्हा भरपूर धुऊन सेपिया टोन करणं, म्हणजे चित्र टिकाऊ तपकिरी करणं, एवढाच इलाज.

माझ्या बायकोनं टँकरचं पाणी साठवलं. स्वयंपाकाचं पिंपसुद्धा मला दिलं.

"अवो, आपण ऱ्हाऊ तहानलेले. तिला नीट धुवा."

धुतला. मग दुपारी प्रिंट ब्लीचमध्ये टाकला. त्यात चित्र जवळजवळ जातंच, आणि टोनरमध्ये तपकिरी होऊन परत येतं. हे मी आयुष्यभर केलंय. ही शेजारी उभी होती. टोनरमध्ये आधी भिंत आली, मग अंगण, मग खुर्ची... वैशाली आली नाही.

"येईल ना?"

"येईल. थांब जरा."

नाही आली.

जाणकार म्हणतील, कागदात हायपो, म्हणजे ते जुनंच रसायन, राहिला असणार, म्हणून ब्लीचनं चित्र खाल्लं. मान्य. पण मग तिथं पांढरा डाग पडायला हवा होता. इथं खुर्चीची पाठ दिसत होती — वेताची वीण, त्यात एक वेत तुटलेला. ती पाठ वैशालीच्या मागं झाकलेली होती. कागदावर जे कधी उमटलंच नव्हतं ते आलं कुठून?

ही रडली नाही. ट्रेमध्ये हात घालून ओला कागद चाचपत राहिली.

"तुमी तिला धुऊन टाकलं," एवढंच म्हणाली.

पुढं एका जुन्या फोटोग्राफर मित्राला प्रिंट दाखवला. त्यानं भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "इसमें तो कोई बैठाइच नै था, मियाँ."

खरं सांगतो, उत्तर आता मला नकोच. भीती दुसरीच वाटते. परवा मी म्हणालो, वैशालीच्या डाव्या गालावर तीळ होता. ही म्हणाली, "नाय, उजव्या." दोघंही हट्टाला पेटलो, मग फोटो आणायला उठलो. बघायला काहीच नव्हतं.