सुमनबाईंची फटफटी

सुमनबाई दर रविवारी सकाळी फटफटी चालू करायच्या आणि बंद करायच्या. तिच्यावर बसून त्या हातभरसुद्धा कुठे गेल्या नाहीत. पदर कमरेला खोचायचा, छपरीतून ती अवजड मशीन रेटत अंगणात आणायची, किक मारायची, धूर करायचा, सगळी गल्ली डोक्यावर घ्यायची आणि थोड्या वेळानं बंद करून पुन्हा आत लोटायची. गल्लीत नवीन आलेलं माणूस हमखास विचारायचं, "ह्या बाईला काही झालंय का हो?" मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहायचे, म्हणून हा प्रश्न माझ्याच दारात यायचा. मी सांगायचे, "काही झालेलं नाही. नवरा ऐकतोय." एवढं बोलून दार लावून घ्यायचे. सगळ्यांना सगळं समजावून सांगायचा मक्ता मी काही घेतलेला नव्हता. शाळेत दिवसभर तेच करून घसा बसलेला असायचा.

अजनीच्या पलीकडे तेव्हा वस्ती विरळ होती. आमच्या घरांची एक ओळ, समोर कच्चा रस्ता आणि त्याच्या पुढे नुसती शेतं. मी तिथे राहायला आले त्याच उन्हाळ्यात सुमनबाईंशी माझी पहिली भेट झाली, आणि ती भांडणानंच झाली. अंगणात बाजेवर मुगवड्या वाळत घातल्या होत्या. शेजारून निळा धूर आला तो थेट वड्यांवर. मी तरातरा गेले. अंगणात एक उंच, रापलेला माणूस फटफटीजवळ हात मागे बांधून उभा होता. हे सुमनबाईंचे यजमान, वामनराव. सरकारी खात्यातर्फे काटोलकडच्या संत्र्याच्या बागा तपासत हिंडायचे.

"भाऊजी, तुमची ही भट्टी बंद करा आधी!" मी म्हणाले.

"बंदच तर करून राहिलो, बाई."

"कुठे बंद? चांगली भडभडते आहे!"

"पेट्रोलचा कॉक बंद केला ना जी. आता पोटात जेवढं आहे तेवढं पिऊन घेते अन् आपली आपण थांबते." मग मी रागावलेली आहे हे साफ विसरून त्यांनी मला शिकवायलाच घेतलं. ह्या जातीच्या मशीनला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. मधातच किल्ली फिरवून बंद केली, तर पेट्रोल उडून जातं आणि तेल आत चिकटून बसतं. "मंग दुसऱ्या दिवशी लाथा मारत बसा लागते," ते म्हणाले.

एवढ्यात मशीनचा आवाज एकदम चढला. मी म्हणाले, "हे बघा! बंद करतो म्हणता आणि वाढवता काय?"

वामनरावांनी हात वर केला. "थांबा. ऐका." आवाज चढला, आणखी चढला, आता ही मशीन भरधाव सुटणार असं वाटलं, आणि खोकल्यासारखं करून ती थांबली. अंगण एकदम चिडीचूप झालं. "पेट्रोल संपत आलं की अशीच जोर करते," ते म्हणाले. "नवीन माणसाले वाटते, आता निघाली. अन् तिथंच खतम."

मागे पायरीवर सुमनबाई बसल्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तोंडावर पदर धरून हसत होत्या. "दर वेळेस फसते जी मी, बाई," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्साची ऐकून राहिली, तरी वाटते, आता काही थांबत नाही हे." दुसऱ्या दिवशी त्या आपल्या घरच्या मुगवड्यांचा डबा घेऊन आल्या. त्या माझ्या वड्यांपेक्षा चांगल्या होत्या, हेही सांगून टाकते.

सुमनबाईंचं माहेर गोळीबार चौकाकडचं, कोष्ट्यांचं. "माझ्या बापाच्या घरी माग होते," त्या सांगायच्या. "खटखट बदलली की माय चुलीजवळूनच वरडे, धागा तुटला! पाहाची गरजच नव्हती." तसाच कान त्यांनी ह्या फटफटीला लावलेला होता. वामनरावांनी तिचं धुराचं नळकांडं उचलून बाजूला उंच बसवून घेतलं होतं, नाल्यातून गेलं तरी पाणी शिरू नये म्हणून. चिखल, धोंडे, बांध, सगळं तुडवत ती संध्याकाळी परत यायची. सुमनबाई आवाज ऐकूनच भाकर तव्यावर टाकायच्या. कधी म्हणायच्या, "आज लय दमली दिसते." मशीन दमली की माणूस, हे मी कधी विचारलं नाही.

मृग लागला की काळ्या मातीत चाकं फिरेनात. मग वामनराव एसटीनं फिरायचे आणि फटफटीला चार महिने निजवायचे. तो एक सोहळाच असायचा. टाकी रिकामी करायची, प्लग काढून आत चमचाभर तेल सोडायचं, हळूहळू किक दाबून ते आत सगळीकडे पसरवायचं, नळकांड्याच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबायचा आणि मशीन विटांवर चढवायची. वर जुनी सतरंजी. "निजवली. आता दसऱ्याले उठवू," असं म्हणून ते हात धुवायला जायचे. दसऱ्याला सुमनबाई झेंडूची माळ करायच्या. पहिल्या किकला मशीन बोलली की दोघं एकमेकांकडे बघून असे हसायचे, की मी नजर दुसरीकडे वळवायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं.

एका माघात, बागांमध्ये संत्र्याची तोड चालू असताना, वामनराव सकाळी तोंड धुता धुता खाली कोसळले. उजवं अंग गेलं. वाचा गेली. रामदासपेठेतल्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं, तिथून काही आठवड्यांनी घरी आणलं. सगळ्या भाषेतून त्यांच्याजवळ एक शब्द तेवढा उरला होता, "बंद." तहान लागली की बंद, पाठ दुखली की बंद, कुणी भेटायला आलं की बंद. डोळ्यांत पाणी आणून बंद. मला तो शब्द ऐकवत नसे. सुमनबाईंना मात्र स्वरावरून कळायचं, पाणी हवंय की कूस बदलायचीय.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा सुमनबाईंचा भाऊ हरी विटा मांडायला लागला. सुमनबाईंनी त्याच्या हातातली वीट काढून घेतली.

"निजवाची नाही."

"अवं ताई, चार महिने कोण चालवते तिले?"

"मी तिले निजवली तर ह्यायले काय वाटन? आपण उठत नाही असंच वाटन ना! दसऱ्याले उठते हे. मशीन तयार पाहिजे."

तेव्हापासून हा रविवार सुरू झाला. बाटलीभर पेट्रोल, त्यात मोजून तेल. वामनरावांची बाज पुढच्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीशी. खिडकी उघडायची, किक मारायची. थोडा वेळ चालली की आतून आवाज यायचा, "बंद!" आठवड्यातून तेवढ्या एकाच वेळी त्या शब्दाचा अर्थ खरोखर तोच असायचा. सुमनबाई कॉक फिरवायच्या आणि थांबायच्या. आवाज चढला की खिडकीकडे वळून विचारायच्या, "ऐकून राहिले ना?" आतून डावा हात वर व्हायचा. मग मशीन थांबायची. माझे कपडे रविवारी दोरीवर असायचे, त्यांना तेलाचा वास लागायचा. पण आता भांडणार कोणाशी?

दूधवाला मधूनमधून ती फटफटी विकत मागायचा. सुमनबाई त्याला उडवून लावायच्या, "तू आपल्या म्हशी विक अन् पायी फिर!" सगळी गल्ली हसायची. दसरा आला नि गेला. पुढचाही गेला. लोक विचारायचे तेव्हा सुमनबाई आधी म्हणायच्या, "दसऱ्याले उठते." मग म्हणायला लागल्या, "उठन कधीतरी." मग नुसत्या बघायच्या. वामनरावांच्या पाठीला जखमा झाल्या. त्या धुऊन, औषध लावून, त्यांना उलथंपालथं करून सुमनबाईंची कंबर वाकली. दूधवाल्याला त्या आता काहीच बोलत नव्हत्या, आणि त्यानंही विचारणं सोडलं.

एका रविवारी किक मारता मारता त्या घसरून पडल्या, गुडघा फुटला. माझं डोकं फिरलं. मी कुंपणावरून ओरडले, "पुरे करा हो आता! काय मिळतं यातून? कुणाला फसवताय?"

सुमनबाई मातीतच बसून होत्या. अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग रविवारी काय करू, बाई?"

मी कुंपण ओलांडून गेले आणि त्यांना उठवलं. त्या दिवशी किक मी मारली. नीट जमली नाही, हरीला बोलवावं लागलं.

आणि मग त्या कार्तिकातला शनिवार. दुपारी सुमनबाई धावत माझ्या दारात आल्या. हाताला पीठ तसंच. "बाई, हे बोलले! बोलले जी हे!" मी चपलासुद्धा घातल्या नाहीत. वामनराव भिंतीला टेकून बसले होते. डोळे स्वच्छ. माझ्याकडे बघून, जिभेवर थोडं अडखळत, पण शब्दन् शब्द कळेल असं म्हणाले, "काय मास्तरीणबाई, धूर येते का अजून?"

मी हसले की रडले, मला ठाऊक नाही. दोन्ही केलं असेल. त्यांनी भाकर आणि झुणका मागून खाल्ला. माणसं ओळखली. दूधवाल्याला म्हणाले, "म्हैस कशी आहे तुही?" खोली भरून गेली. मी गल्लीत साखर वाटली, देवाला नावं ठेवणारी मी. मग त्यांनी सुमनबाईंना जवळ बोलावलं. "उद्या काटोलले जाऊ," म्हणाले. "टाकी भर."

बाईंच्या अंगात काय संचारलं सांगू! हरीला डबा देऊन पेट्रोल पंपावर पिटाळलं. तो आला, तर पुन्हा पाठवला. बाटलीभर पेट्रोलवर दिवस काढलेली ती टाकी त्या दिवशी काठोकाठ भरली. फटफटी पुसली, झेंडूची माळ घातली, दसरा केव्हाच होऊन गेला होता तरी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "मी म्हणत नव्हती का? नव्हती का म्हणत?" इतकं मोठं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी पहाटे वामनराव गेले. झोपेतच. अंगणात माणसं जमली तेव्हा मशीनवरची माळ अजून ताजी होती.

तेरावं झाल्यावर मी सुमनबाईंजवळ बसले होते. त्या म्हणाल्या, "बाई, मले समजाले पाहिजे होतं."

"काय?"

"आवाज चढला होता ना. इतके रविवार ऐकून राहिली मी. मलेच नाही समजलं."

मी काय सांगणार होते? त्यांचं खरंच होतं.

पुढच्या रविवारी सकाळी ओळखीचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. सुमनबाईंनी फटफटी अंगणात काढली होती, किक मारली होती आणि पायरीवर जाऊन बसल्या होत्या. मी चहा केला, प्यायले, कपडे धुऊन दोरीवर टाकले. मशीन चालूच. टाकी तर भरलेली. धूर माझ्या अंगणात, समोरच्या रस्त्यावर, पार शेतापर्यंत पसरला. गल्लीतल्या कुणी खिडकी लावली नाही. मीही दोरीवरचे कपडे काढले नाहीत. हरी पुढे झाला तर सुमनबाईंनी नुसता हात वर केला, आणि तो जागच्या जागी थांबला. उभी मशीन इतका वेळ चालवत नाहीत. आवाज घोगरा व्हायला लागला, तापल्या लोखंडाचा वास सुटला.

शेवटी मीच गेले. "सुमनबाई, तापलीय ती. जाम होईल."

"हो."

"बंद करायची ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्यानं होत नाही जी, बाई. तुम्ही करा."

मी खाली वाकले. टाकीच्या पोटाशी तो एवढासा कॉक, हाताला चटका बसत होता. मी फिरवला आणि सुमनबाईंजवळ जाऊन उभी राहिले. मशीन तशीच चालत राहिली. पुढे काय होणार हे त्या अंगणात आम्हा दोघींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. खिडकी नेहमीसारखी उघडी होती. आत रिकामी बाज दिसत होती, गादी गुंडाळलेली.

मग आवाज चढला. घोगरेपणा गेला, मशीन मोकळी झाली, आता सुटणार अशी जोर करायला लागली. सुमनबाई पायरीवरून उठल्या. त्यांचं तोंड उजळलं, अगदी त्या शनिवारसारखं. खिडकीकडे वळून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकून राहिले ना?"

आणि मशीन बंद पडली.