दुसऱ्या भागातील तरस

लहान मुलांसाठी काढलेल्या प्राण्यांच्या विनोदी कार्टून चित्रपटावर पन्नाशी उलटलेल्या माणसाने संतापावे, हे शोभणारे नाही. तरीही लक्ष्मीबाई नगरमधल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या दुपारी मला जो संताप आला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

शहरावर पसरलेल्या विषारी धुरक्यामुळे शाळा बंद होत्या. फरीदाबादला राहणारी माझी मुलगी काही कामासाठी आमच्या जवळच्या एका कार्यालयात येणार होती, म्हणून दोन्ही मुलांना घेऊनच आली. नात सात वर्षांची, नातू चार वर्षांचा. दार मी उघडले. मुलीने माझ्या खांद्यावरून आत पाहिले आणि विचारले, "आई कुठे आहे?"

पत्नीला तिच्या बहिणीला दवाखान्यात न्यायला अचानक जावे लागले होते आणि ती संध्याकाळशिवाय येणार नव्हती. मी तसे सांगितले. मुलगी उंबरठ्यातच थांबली. ती का थांबली हे मला ठाऊक होते. नात जन्मल्यापासून तिने मुलांना माझ्या एकट्याच्या भरवशावर कधी सोडले नव्हते. तसे कुणी कधी बोलले नाही, पण दर वेळी पत्नी घरी असेल अशीच वेळ निवडली जाई.

मुलगी नऊ वर्षांची असताना भागाकार चुकला म्हणून मी तिच्या थोबाडीत मारली होती. ती लोखंडी कपाटाच्या कडेवर आपटली. भुवईच्या वर तीन टाके पडले. डॉक्टरांना मी सांगितले की न्हाणीघरात पाय घसरला. ती शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होती. मी मारले ते तेवढ्या एकाच वेळी नव्हे. टाके पडले ते तेवढ्या एका वेळी.

नात झाली तेव्हा मी मुलीची हात जोडून क्षमा मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे, बाबा." पुढच्या पौर्णिमेला मी बुद्धविहारात गेलो, पुन्हा पंचशील घेतले आणि परित्राण पाठाचा पांढरा धागा मनगटावर बांधून घेतला. तेव्हापासून मी हात उगारलेला नाही. आवाजही चढवलेला नव्हता.

मुलीने घड्याळाकडे पाहिले. दोन तासांत येते म्हणाली, मुलांना आत ढकलले आणि निघून गेली. मी दार लावून घेतले.

जेवणे उरकल्यावर मुलांना त्या चित्रपटाचा नुकताच आलेला दुसरा भाग पाहायचा होता. पहिला आम्ही, पत्नीसह, तीनदा पाहिला होता. त्यात एक तरस जंगलातल्या एकुलत्या एका तळ्यावर कब्जा करून बसते आणि शेवटी सगळ्या प्राण्यांसमोर रडत आपला गुन्हा कबूल करून तळे मोकळे करते. मुले त्याला हिंदीतल्यासारखे लकडबग्घा म्हणत. तरस हा शब्द मी शिकवला. पत्नीने नातीला तसे एक कापडी खेळणेही आणून दिले होते. ते खेळणे आमच्याच घरी असे. एकदा नातीने माझ्या मनगटावरच्या धाग्याबद्दल विचारले, तेव्हा मी सांगितले, "हा ज्याला बांधतात, तो पुन्हा पहिल्यासारखा वाईट वागत नाही." कुठल्याही भंतेजींनी मला असे सांगितलेले नाही. धागा रक्षणासाठी असतो. तो अर्थ मी माझ्या सोयीने काढलेला होता. नातीने मात्र तो खरा मानला, माझ्याकडून धाग्याचा तुकडा मागून घेतला आणि तीन गाठी मारून खेळण्यातल्या तरसाच्या पुढच्या पायाला बांधला.

दुसऱ्या भागात पहिला अर्धा तास ते तरस बिचारे कामसू आणि वेंधळे होते. ते चिखलात पडले की नातू गादीवर लोळून हसे. मग, कसलेही कारण न देता, त्याने हरणांच्या पाडसांची लपायची जागा बिबट्यांना सांगून टाकली आणि आमच्याकडे पाहून डोळा मारला. लगेच गाणे सुरू झाले. एक म्हातारे साळिंदर म्हणाले, "मैंने तो पहले ही कहा था," आणि सगळे जंगल हसले.

मला त्या हसण्याची चीड आली. पहिल्या भागात ज्या अश्रूंवर या चित्रपटवाल्यांनी माझ्या नातवंडांना रडवले, ते अश्रू यांनी स्वतःच खोटे ठरवले, आणि तेही केवळ नवा खलनायक घडवण्याचे कष्ट नकोत म्हणून. सुधारलेल्याचा पाय घसरतो, हे मलाही कळते. पण घसरण्याला काही कारण लागते, आतली झुंज लागते. या लोकांनी एका जिवाचा पश्चात्ताप गाण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात मोडून टाकला होता, आणि तो विनोद आहे असे चार वर्षांच्या मुलाला शिकवत होते.

नात हसत नव्हती. "आबा, त्याने तर सॉरी म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं."

"मग झूठ बोलला तो." ती उठली, पत्नीच्या शिवणाच्या डब्यातून कात्री घेऊन आली आणि कापडी तरस मांडीवर घेतले. "धागा कापते त्याचा. चीटर आहे बिल्कुल."

नको कापू, असे मी आधी समजावले. तो टीव्हीतला वेगळा, हा आपल्या घरातला वेगळा, असेही म्हणालो. तिने ऐकले नाही. कात्रीचे पाते धाग्याखाली गेले, आणि मी ओरडलो, "नाही म्हणतो ना मी." कात्री तिच्या हातातून हिसकावून घेतली. नातवाने कानांत बोटे घातली. नात रडू लागली, आणि तेवढ्यात घंटी वाजली.

कात्री हातात घेऊनच मी दार उघडले. मुलीने कात्री पाहिली, रडणे ऐकले, आणि चप्पल न काढता आत धावली. तिने नातीच्या कपाळावरचे केस मागे सारून भुवया पाहिल्या, मग गाल, मग दंड.

त्या क्षणी माझा सगळा संताप चित्रपटावरून मुलीवर वळला. सात वर्षे, आणि अजून ही तपासणी. मी हिला काहीही केलेले नाही, हे वाक्य ओठांवर आले होते. डॉक्टरांपुढे सांगितले होते तसेच ते मी ठामपणे सांगू शकलो असतो. ते मी गिळले.

"मी ओरडलो तिच्यावर," मी म्हणालो. "कात्री हिसकावली. मारलं नाही."

मुलीने माझ्या हातातून कात्री काढून डब्यात ठेवली. नातीने हुंदके देत तरसाचे सगळे सांगितले आणि विचारले, "मम्मा, तू सांग. सॉरी म्हटल्यावर कोणी परत वाईट होतं का?"

"होतं कधी कधी. म्हणून बघत राहायचं असतं."

"कितने दिन?"

"ते नाही माहीत, बेटा. मीपण बघतेच आहे."

हे तिने माझ्याकडे न पाहता म्हटले. मला राग आला नाही असे लिहिले, तर ते खोटे होईल. पण चित्रपटवाल्यांना तरस वाईट व्हायला हवे होते, आणि माझ्या मुलीला ते मुळीच नको होते, एवढा फरक मला त्या रागातही दिसत होता. तिची भीती मीच आज पुन्हा जागी केली होती.

टीव्हीवर गाणे चालूच होते. मुलीने तो बंद केला आणि मुलांच्या बाटल्या पिशवीत भरत म्हणाली, "गुरुवारी मला परत यायचंय इकडे. शाळा काही उघडत नाहीत तोवर."

गुरुवारी तुझी आई घरी असेल, मी मुद्दाम सांगितले.

"असो नसो," ती म्हणाली. "ओरडलात ते स्वतःहून सांगितलंत. पण हा सिनेमा परत लावू नका, बाबा. उगाच रडवतो."

मग तिने नातवाला माझ्याकडे पाठवले. "जा, आबांकडून बूट घालून घे."

तो माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने पाय माझ्या मांडीवर ठेवला. मी डावा बूट उजव्या पायात घालू लागलो. त्याने निमूटपणे तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दुसरा पुढे केला.